पालथा मोबाईल

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांना सांगताना मी मध्येच कुठेतरी स्वतःला सावरून घेतलं आहे. भर वर्गात मी एका मुलीला एक वाक्य बोललो. ती "काय?" म्हणाली, म्हणून तेच पुन्हा बोललो. त्यामुळे तिचं सायन्स सुटलं.

मी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. आमच्या ऑफिसच्या दारावर "मोबाईल आणण्यास सक्त मनाई" अशी पाटी आहे. त्याच ऑफिसातून परीक्षेची नोटीस मुलांना व्हॉट्सॲपवर जाते. लॉकडाऊनमध्ये मोबाईल हातात आले, ते कोणी परत दप्तरात घातले नाहीत. नोट्स ग्रुपवर, प्रश्नपत्रिका ग्रुपवर, आणि फळ्यावरची आकृती काढण्याऐवजी तिचा फोटो. त्यामुळे प्रत्येक शिक्षकाने आपापला नियम केला होता.

माझा नियम होता "पालथा". मोबाईल लपवायचा नाही, बेंचवर ठेवायचा, पण स्क्रीन खाली. तास संपताना मी "सुलटे करा" म्हणायचो, मग सगळ्यांनी फळ्याचा फोटो घ्यायचा. त्याआधी आकृती वहीत हाताने काढलेली हवी. जो फोटो काढतो तो चित्र काढत नाही, आणि जो चित्र काढत नाही तो नीट पाहत नाही, असं माझं मत आहे. ते अजूनही बदललेलं नाही. नियम प्राचार्यांना आवडला. त्यांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. शिरपूर, मानोऱ्याकडच्या ओळखीच्या शिक्षकांनी फोन करून विचारलं आणि आपल्याकडेही लावला. मला बरं वाटलं.

प्रतीक्षा बारावीत होती. किन्हीराजाकडून एस.टी.ने यायची. बाप भाजीपाला पिकवणारा. मुलगी दुसऱ्या बेंचवर, शांत, आकृत्या वर्गात सगळ्यांत चांगल्या. जुलैमध्ये तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली.

"सर, तुमी शिकवता तवा बातम्यांवानी बोलान का?"

"बातम्यांवानी म्हणजे?"

"टीव्हीवर बोलतात तसं. शुद्ध."

मी वऱ्हाडीत शिकवतो. इंग्रजी पुस्तक पोरांच्या गळी उतरवायचं तर घरच्या बोलीतच सांगावं लागतं, याचा मला अभिमान आहे. दुसऱ्या दिवशी मी तिची फिरकी घेतली. "पोरं हो, प्रतीक्षाबाईले आपली बोली चालत नाई. आता पुण्याहून सर आनाव लागते." वर्ग हसला. मागच्या बेंचवरचा आकाश म्हणाला, "सर, पुण्याच्या सरायले इथलं पानी मानवनार नाई." तेव्हापासून ती "पुणेरी" झाली. तिने पुन्हा काही मागितलं नाही. का मागितलं होतं, हे मीही विचारलं नाही.

पुढे एक दिवस मी फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढत होतो आणि काढता काढता बोलत होतो. रंगीत खडूने आकृती काढायला मला आवडतं. पाठ वर्गाकडे, तोंड फळ्याकडे. मागे वळलो तर सगळे मोबाईल पालथे आणि प्रतीक्षाचा उभा, पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. ती माझ्याकडे पाहत नव्हती, फळ्याकडेही नाही. स्क्रीनकडे.

मी शिकवणं न थांबवता बेंचांमधून मागे गेलो आणि तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिलो. ही शिक्षकांची जुनी सवय आहे, आम्ही पकडायचं तर मागून पकडतो. स्क्रीनवर अक्षरं धावत होती. एक ओळ आली, तिच्याखाली दुसरी.

"काय करून राह्यली?" मी मागूनच विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मान हलली नाही. वर्ग आता आमच्याकडे पाहत होता. मी हात घालून मोबाईल उचलला. ती दचकून वळली.

मी वर्गाकडे पाहत म्हणालो, "आमचं शिकवनं काहून गोड लागीन? गोड बोलनारा मोबाईलमंधी बसला हाय ना."

वर्ग फुटला. तिने हसणाऱ्या तोंडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय म्हनलं, सर?"

मला तो उद्धटपणा वाटला. पकडली गेली आणि वर मलाच विचारते. "परत म्हनू?" असं विचारून मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी तिच्या तोंडासमोर आणि मोठ्याने. ते तिला कळलं.

आकाश म्हणाला, "सर, पुणेरी हाय ते. मेसेजबी पुणेरीच असतीन." मी त्याला गप्प बसवलं नाही.

मोबाईल मी ड्रॉवरमध्ये टाकला. तो उघडून पाहिला नाही. मुलीचं खासगी आपण वाचू नये, एवढा सभ्यपणा मी दाखवला. त्या दिवशी थोडा असभ्य झालो असतो तर बरं झालं असतं. त्या ओळींत, मोडकंतोडकं का होईना, माझंच शिकवणं होतं.

पकडलेला मोबाईल पालकांनीच येऊन न्यायचा, असा आमचा नियम. दुसऱ्या दिवशी तिचे वडील, रामेश्वरभाऊ, शिरपूरच्या बाजारातून थेट आले. हाताला मेथीचा वास येत होता. स्टाफरूम भरलेली होती, पेपर तपासणं चालू होतं.

"वर्गात चॅटिंग करते पोरगी," मी सांगितलं. "लक्ष ठेवा, भाऊ. वय बरं नाई."

त्यांनी मोबाईलकडे पाहिलं. "सर, ते चॅटिंग नाई..."

"मंग काय होतं?"

टेबलाभोवतीच्या माना वर झाल्या. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाले, "काई नाई. चुकलं पोरीचं. द्या मोबाईल."

मी याला कबुली समजलो.

प्रतीक्षा आणखी काही दिवस आली, मोबाईल न आणता. मी बोलत असताना ती एकटक माझ्या तोंडाकडे पाहायची. इतकं होऊन नजर खाली नाही, म्हणून मी चिडायचो. मग ती यायची बंद झाली. लग्न ठरलं असावं, असं कोणी म्हणालं. मी स्टाफरूममध्ये म्हणालो, "बापानं वेळेवर आवरलं." हे वाक्यही माझंच.

दिवाळीनंतर आम्हाला टाचण टाईप करून पाठवायला सांगितलं. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवणार याची आज केलेली नोंद. मी आयुष्यभर हाताने लिहीत आलो. एका बोटाने टाईप करत बसलो होतो, तर केमिस्ट्रीच्या खिल्लारे मॅडमना दया आली. त्यांनी माझ्या मोबाईलवर माईकचं चित्र दाबलं. "सर, नुसतं बोला. तो लिहितो."

मी बोललो. अर्धंमुर्धं काहीतरी उमटलं, कशाचा कशाला मेळ नाही.

"असं नाही, सर," मॅडम हसल्या. "त्याले आपली वऱ्हाडी नाही समजत. बातम्यांवानी बोला."

मी बातम्या देतात तसा सावकाश बोलू लागलो. अक्षरं धावायला लागली. एक ओळ आली, तिच्याखाली दुसरी. मी बोलायचा थांबलो. अक्षरंही थांबली.

"काय झालं, सर?"

"मॅडम, हे असं कोण वापरत असन?"

"ज्याले टायपिंग येत नाही, तुमच्यावानी." मग म्हणाल्या, "किंवा ज्याले ऐकू येत नाही. माझी मामी वापरते."

मी टाचण तसंच सोडलं. मागून वऱ्हाडीत दोनदा विचारलेला प्रश्न आठवला, तो तिच्या मोबाईललाही कळला नसणार. "काय म्हनलं, सर?" आठवलं. माझ्या तोंडावर लागलेली तिची नजर आठवली.

रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. भाजीच्या वाडीतच घर. बापलेक मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. प्रतीक्षाच्या कानात मशीन होती. मला पाहून तिचा हात कानाकडे गेला, मग तिने तो खाली घेतला.

रामेश्वरभाऊंनी बाज टाकली, पाणी दिलं. मला काय कळलं ते मी सांगितलं. त्यांनी हातातली जुडी बांधून खाली ठेवली.

"लहानपनी ताप आला होता, तवापासून," ते म्हणाले. "घरी मशीन लावते. बाहेर तिची माय लावू देत नाई. लोकायले समजलं त सोयरीक येत नाई, म्हनते. तुमच्या हापिसात सारे मास्तर बसून होते. तिथं कसं सांगू? मले वाटलं, चुकलं म्हनावं, गोष्ट तुमच्यामाझ्यात राहीन. तुमी वर्गात बोलले हे मले मालूमच नोतं, सर. संध्याकाळी एस.टी.तून पोरं घेऊन आले."

"काय घेऊन आले?"

"तुमचंच. गोड बोलनारा. ती उतरली का मांगून बोंबलत, पुणेरीचा गोड बोलनारा स्टॉपवर आला नाई का आज. गावात मंग कोन कोनाले थांबवते? म्या कान झाकले, अन् पोरीचं नाव उघडं पडलं. माय म्हने, आता घरी बस."

मी प्रतीक्षाकडे वळलो. तिच्यासमोर बसून, तिला माझं तोंड दिसेल असं, विचारलं, "तू मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"बातम्यांवानी बोला म्हनलं होतं ना, सर." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तोंड दिसलं त मले समजते. तुमी चित्र काढता तवा फळ्यासंग बोलता. तवा मोबाईल लागे."

मी म्हणालो, सोमवारपासून ये. प्राचार्यांशी मी बोलतो.

"आता कुठी, सर. बाबांनं सतरा नंबरचा फॉर्म भरला." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे कॉलेजात न येता बाहेरून बारावीची परीक्षा देणं. सायन्सला प्रॅक्टिकल असतात, ती घरी बसून होत नाहीत. म्हणून फॉर्म आर्ट्सचा. "मले लॅबमंधी काम करायचं होतं. रक्त तपासायचं. तिथं कान नाई लागत, डोये लागतात. म्हनून सायन्स घेतलं होतं."

मी हात जोडले. "प्रतीक्षा, माझं चुकलं..."

"इथं नका म्हनू, सर. वर्गात म्हनलं होतं तुमी."

रामेश्वरभाऊ म्हणाले, "वर्गात कायले? मंग कानाचं सांगाव लागीन."

तिने बापाकडे पाहिलं. "सांगू द्या, बाबा. बहिरी म्हनलं त चालते मले. ते दुसरं नाई चालत." मग मला म्हणाली, "उद्या दाखला न्यायला येतो आमी."

सोमवारी सकाळी मी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "सर, केबिनमध्ये बोलून घ्या की. मी चहा सांगतो. वर्गात शिक्षकानं माफी मागितली, तर उद्या शिस्त कशाची राहील?"

"मी वर्गात बोललो होतो, सर."

"लिहून वगैरे काही देऊ नका."

"नाही देत."

"मग मला काही माहीत नाही असं समजा." असं म्हणून त्यांनी तिच्या दाखल्यावर सही केली.

आता माझ्या तासाचे नियम वेगळे आहेत. मोबाईल सुलटा दिसला तर समोर जाऊन विचारायचं, मागून नाही. आणि फळ्याकडे तोंड असताना बोलायचं नाही. आकृती पूर्ण होईपर्यंत वर्गात फक्त खडूचा आवाज असतो. या नियमांना खर्च शून्य आहे, ते मला पहिल्या दिवसापासून पाळता आले असते. ज्या शिक्षकांनी माझा "पालथा" उचलला होता, त्यांना मी मेसेज केला, की नियम लावण्याआधी कोणाला मोबाईल कशासाठी लागतो ते एकेकट्याला विचारून घ्या. बहुतेकांनी अंगठा पाठवला. पुढे कोणी विचारलं की नाही, मला माहीत नाही.

त्या सोमवारी प्रतीक्षा दाखला हातात घेऊन वर्गात आली. वडील दाराशी थांबले. कानात मशीन होती, केस मागे बांधलेले, लपवलेलं काही नाही. तिने आपला मोबाईल माझ्या टेबलावर डस्टरला टेकवून उभा केला, माईक दाबला आणि समोर उभी राहिली. वर्गातले बाकी सगळे मोबाईल पालथे होते. मी काही सांगितलं नव्हतं.

मी घाईघाईने बोलून गेलो. तोंडातून घरचीच बोली आली, मान खाली, आवाज घशात. तिने स्क्रीन पाहिली. तिथे काही धड उमटलं नव्हतं.

"परत म्हना, सर," ती म्हणाली. "हळू."

मागच्या बेंचवर आकाश बेंचकडे पाहत होता. मी मान वर केली, तिच्याकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून बोललो. अक्षरं धावू लागली, ती वाचत गेली, आणि मी शेवटपर्यंत थांबलो नाही.

"प्रतीक्षाला कमी ऐकू येतं. त्या दिवशी ती कोणाशीही बोलत नव्हती. ती मोबाईलवर मी शिकवत होतो तेच वाचत होती. मी तिला विचारलं नाही, समजून घेतलं नाही, आणि तुमच्या सगळ्यांसमोर तिच्यावर खोटा आरोप केला. एकदा नाही, दोनदा. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं. प्रतीक्षा, चूक माझी होती. मला माफ कर."