एका इंजिनावर समुद्र

नांदेडहून हैदराबादपर्यंत रेल्वे, तिथून विमानानं सिंगापूर, मग पर्थ. धाकटा भाऊ संजू पर्थला असतो. आई गेल्यापासून नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या घरात आमचे वडील, अण्णा, एकटेच, म्हणून त्याला त्यांना कायमचं तिकडं ठेवून घ्यायचं होतं. अण्णा म्हणाले, "आधी बघू तर दे." मी लातूरला क्लासमध्ये शिकवते, रजा काढून त्यांच्यासोबत निघाले.

सिंगापूरला विमान सुटायच्या आधीच आमची शोभा झाली. अण्णांची हयात एसटी चालवण्यात गेलेली. सीटखाली जीवरक्षक जाकीट असतं हे कळताच त्यांनी ते ओढून काढलं, पिशवी फोडली आणि फुगवायची दोरी शोधू लागले. हवाईसुंदरी धावत आली. जाकीट विमानात फुगवायचं नसतं, दारातून बाहेर पडतानाच; आत फुगवलं आणि पाणी शिरलं तर माणूस छतालाच अडकतो. तिनं समजावलं, दुसरं जाकीट आणून ठेवलं.

"गाडी काढायच्या आधी स्टेपनी बघाय लागती," अण्णा मला म्हणाले. लाज वगैरे काही नाही.

हळूहळू बेटं मागं पडली. वर निळं, खाली निळं. ढगांच्या सावल्या पाण्यावर चरत होत्या आणि विमान जागच्या जागी उभं असल्यासारखं वाटत होतं. मला गुंगी आली. आई पलीकडच्या सीटवर बसून ज्वारी निवडते आहे असं काहीसं दिसत राहिलं, आणि मला डोळे उघडावेसे वाटेनात.

शेजारी विमानदुरुस्तीचं काम करणारा हैदराबादचा तरुण होता. अण्णांनी त्याला दखनीत (हैदराबादकडच्या हिंदीत) विचारलं, "बेटा, इंजन बंद पड्या तो?"

"दो हैं ना, चचा. एक पे बी चलता. पर कायदा है, रस्ता ऐसाच पकडना के हर वक्त कोई तो बी एअरपोर्ट पोंच में रैना."

मग अण्णा समोरच्या पडद्यावरच्या नकाशात, एक इंजिन गेलं तर कुठल्या विमानतळावर पोचता येईल, ते शोधत राहिले.

पर्थ सुंदर आहे. रुंद, स्वच्छ, शांत रस्ते. चालताना स्वप्नात चालल्यासारखं वाटतं. संजूच्या बायकोनं कुठून तरी ज्वारीचं पीठ मिळवून भाकरी केली. एका संध्याकाळी समुद्राकाठी संजू म्हणाला, "अण्णा, राहा ना इथंच."

"तुमी दोघं कामाला गेल्यावर मला कायी झालं तर कुनाच्या दारात जाऊ?"

"शेजारी आहेत की."

"नाव काय त्यांचं?"

संजूनं त्यांच्या घराचा नंबर सांगितला. लाटा येत होत्या, जात होत्या.

"हे बघ, माझं एक इंजिन गेलंय," अण्णा म्हणाले. "आता रस्ता बघूनच धराय पायजे. माझ्या एसटीच्या वाटेवर हिमायतनगर, भोकर, मुदखेड, नांदेड, कुठंबी अडलो तर हाक द्यायला मानूस हाय." एकेका गावासाठी त्यांनी एकेक बोट मिटलं.

संजूचे डोळे भरून आले. अण्णांचं परतीचं तिकीट त्यानंच काढलं.

परतीच्या विमानात अण्णा गाढ झोपले. विष्णुपुरीला शेजारच्या काकूंनी घर झाडून ठेवलं होतं, चहाही आला. दुसऱ्या दिवशी मी लातूरची एसटी धरली. अण्णांचं बरोबर होतं, त्यांची काळजी मिटली होती, मला हलकं वाटायला हवं होतं. खिडकीबाहेर सोयाबीन सरकत होतं. त्या संध्याकाळची गावं मी मनात पुन्हा मोजली. त्यात लातूर नव्हतं.