शेती फीडर बंद आहे

एक वाजून दोन मिनिटांनी मी शेती फीडरचा ब्रेकर लावला आणि हात मागे घेईपर्यंत तो धाडकन पडला.

टेबलावरच्या फोनवर आमचे साहेब होते, शाखा अभियंता.

"पडला का?"

"पडला, सर."

"एक ट्रायल द्या. शेतकरी आधीच तापलेत."

मी कारंजा गावाजवळच्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. मोठ्या लाईनची वीज इथे येते आणि इथून गावोगावी जाते. गावांकडे निघणाऱ्या एकेका लाईनला आम्ही फीडर म्हणतो. घरांचा वेगळा, शेतातल्या पंपांचा वेगळा. ब्रेकर म्हणजे त्या फीडरचा मोठा खटका. लाईनवर बिघाड झाला की तो आपोआप पडतो. बरेचदा नुसती फांदी टेकलेली असते आणि ती जळून बाजूलाही होते. म्हणून ब्रेकर एकदा पडला तर पुन्हा एकदा लावून बघतात. तीच ट्रायल. अकरा वर्षांत मी किती दिल्या असतील त्याचा हिशेब नाही.

त्या दिवशी मात्र हात पुढे जाईना. फांदी असली तर ब्रेकर क्षणभर तरी तग धरतो. हा अजिबात टिकला नव्हता. लाईनच्या तिन्ही तारा कुणी मुद्दाम एकत्र बांधून जमिनीला जोडल्या तर असं होतं. आणि तसं फक्त आमचेच लोक करतात.

"सर, पाच मिनिटं द्या. लाईनवर कोणी आहे का बघते."

"परमिट दिलंय कोणाला?"

"नाही."

"मग कोण असणार तिथे?"

प्रश्न बरोबर होता. लाईनमन खांबावर चढण्याआधी मला फोन करतो. मी फीडर बंद करते, खटक्यावर 'माणसे काम करीत आहेत' अशी पाटी टांगते, रजिस्टरमध्ये वेळ लिहिते आणि त्याला एक नंबर देते. तो नंबर त्याने मला परत म्हणून दाखवायचा. याला परमिट म्हणतात. काम उरकून तो खाली उतरला आणि त्याने परमिट परत केलं, की मगच मी लाईन सोडायची. त्या दिवशी रजिस्टरचं पान कोरं होतं. तरीही मी मोबाईल उचलला, कारण त्यात मी एक शहाणपणा करून ठेवला होता.

शेतीची वीज पाळीने येते आणि पाळी अधूनमधून बदलते. माणूस दोन कोस चालून पंपाशी जातो आणि तिथे वीज नसते, तेव्हा तो फोन करणार नाही तर काय करणार? "ताई, लाईन कवा येईन?" एका शिफ्टमध्ये हे साठ-सत्तर वेळा. त्यांची चूक काहीच नव्हती, पण माझे कान किटले होते. एकदा तर अशाच फोनवर बोलताना मीटरचं रीडिंग चुकीचं लिहिलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

मग मी शेतकऱ्यांना फोनऐवजी मेसेज करायला सांगितलं आणि व्हिडिओ बघून बघून मोबाईलमध्ये ऑटोमेशन बसवलं. काम सोपं असतं. 'असं झालं तर तसं कर', एवढंच फोनला सांगायचं. मी सांगितलं, मेसेजमध्ये 'लाईन' हा शब्द आला की ठरलेलं उत्तर पाठव. स्क्रीनवर दोन बटणं केली, 'बंद' आणि 'चालू'. 'बंद' दाबलं की उत्तर जायचं, 'शेती फीडर बंद आहे. दुपारी दीडला चालू होईल.' वेळ तेवढी मी रोज बदलायची. आणि उत्तर गेलेल्या मेसेजची घंटी वाजू नये, अशी सोयही मीच केली. फोन शांत झाला. शेतकरी खूश, साहेब खूश. शेजारच्या उपकेंद्रातले ऑपरेटर शिकायला आले. मी थोडी चढलेच होते, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी फीडर दीडपर्यंत बंद राहणार होता. ऐनवेळी वरून निरोप आला, अर्धा तास आधी सोडा. मी सोडला, आणि ब्रेकर पडला.

आता मी मेसेज उघडले. चाळीसेक होते. अंगठ्याने सरकवत गेले आणि एका नावावर थांबले. गजभिये भाऊ, आमचे लाईनमन. वेळ बारा पन्नास. 'ताई, टेकडीजवळ काम आहे. शेती लाईन बंद पाहिजे.' त्याखाली माझं उत्तर. 'शेती फीडर बंद आहे. दुपारी दीडला चालू होईल.'

एकदा पॅनल रूममध्ये साप निघाला होता आणि मी बाहेर पळाले होते. तेव्हा माझी शिफ्ट संपेपर्यंत दारात काठी घेऊन उभे राहिले ते हेच गजभिये भाऊ. मी आधी ब्रेकरवर पाटी टांगली. मग त्यांना फोन लावला. लागेना. टेकडीमागे रेंज नसते, मेसेज तेवढे रडतखडत जातात. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत परमिटही आम्ही मेसेजवर उरकू लागलो होतो. तीही आमचीच चूक.

त्याच चाळीसांत शेवटचा मेसेज होता 'उईके टेकडी' यांचा. शेतकऱ्यांचे नंबर मी शेतासकट नोंदवते. 'लाईन आली अन् गेली.' म्हणजे ते पंपाशीच होते. मी त्यांना फोन लावला.

"कोन बोलून राह्यलं?"

"उपकेंद्रातून ज्योती बोलतेय, उईकेकाका."

"खुद्द ताई? मी समजलो, आता मोबाईलच बोलते तुमचा."

"काका, टेकडीच्या खांबावर आमचे गजभिये भाऊ आहेत का, धावत जाऊन बघा. पाया पडते."

फोन चालूच होता, त्यांचा धापा टाकल्याचा आवाज येत होता. मग तोही तुटला. साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला, मी घेतला नाही. रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती.

अकरा मिनिटांनी उईकेकाकांचा फोन आला. आवाज दुसराच होता.

"ताई, मी गजभिये. बांधावर येऊन बोलून राह्यलो. काई झालं नाई मले."

संध्याकाळी ते उपकेंद्रात आले. चढण्याआधी त्यांनी तारांवर चेन टाकली होती. चेन म्हणजे तिन्ही तारा जमिनीला जोडणारी साखळी. चुकून वीज आलीच तर ती चेनमधून जमिनीत जाते आणि ब्रेकर पडतो. घाईत पुष्कळजण ती टाकत नाहीत. त्यांनी ती पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. एक हुक जळून निखळला होता. दुसऱ्यांदा वीज आली असती, तर ती अडवायला काही उरलं नव्हतं.

"मेसेजात नंबर नव्हता, भाऊ. तुम्ही चढलातच कसे?"

"मले वाटलं, तुम्ही घाईत असान. बंद हाय म्हनलं ना तुम्ही."

"ते मी म्हटलं नव्हतं, भाऊ. फोनने म्हटलं."

"मले काय मालूम? नाव तं तुमचंच होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता काऊन रडून राह्यल्या? च्या सांगा."

मेमो मिळाला. तो मिळायलाच हवा होता. ऑटोमेशन मी काढलं नाही, शेतकऱ्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण उत्तराखाली आता लिहिलेलं असतं, 'हे उत्तर मोबाईलने दिले आहे.' लाईनमनचे नंबर त्यातून वगळले. त्यांचा मेसेज आला की फोन मोठ्याने वाजतो आणि परमिट फक्त तोंडी. टेकडीमागे रेंज नसेल तर गजभिये भाऊ उईक्यांच्या बांधावर चालत जातात.

मेमोत विचारलं होतं, 'मोबाईलने चुकीची माहिती कशी दिली?' मी उत्तरात लिहिलं की मोबाईलने माहिती बरोबर दिली. बारा पन्नासला लाईन बंदच होती. पण लाईनमन माहिती विचारत नसतो. तो खाली उतरेपर्यंत लाईन बंद राहील, असा शब्द मागत असतो. तो शब्द देण्यासाठी तिथे मला बसवलं आहे, आणि त्या दिवशी मी तो दिला नव्हता.