वयानं होतंय म्हणाले

तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या मंगळवारी, मी माझ्या थोरल्या बहिणीला नांदेडला एका डॉक्टरांकडे नेलं. तिच्या आजाराची दोन टिपणं आमच्याजवळ होती, एक मी तयार केलेलं आणि एक तिनं. टेबलावर एकच गेलं. त्या दिवशी पुढं काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

आधी माझं टिपण. निळ्या फाइलीत बारा छापील पानं. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर अठ्ठावीस वर्षं काढली. आलेली बातमी तपासायची, कोण काय म्हणालं ते त्यालाच फोन करून विचारायचं, मगच अवतरणचिन्हं टाकायची — हे माझं काम. अक्काला चक्कर येते, जिना चढताना दम लागतो, असं कळल्यावर तीन संध्याकाळी बसून मी इंटरनेटवर वाचलं. कामाच्या ओळी पिवळ्या केल्या. निष्कर्षही काढला — बी-बारा कमी असणार. अठ्ठावन्न वर्षांचं वय, घरात पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार. सगळं जुळत होतं.

अक्काचं टिपण म्हणजे तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर.

तिला आणायला मी देगलूरला गेलो होतो. परतताना एसटीत तिनं पिशवीतून कॅलेंडरची गुंडाळी काढली, केसांच्या रबरानं बांधलेली. उघडून पाहिलं. काही तारखांवर लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या. दाजी गेल्यापासून ती टिकली लावत नव्हती. डब्यात उरलेलं जुनं पाकीट तिनं इथं वापरलं होतं. जानेवारीच्या पानावर दोन. जुलैच्या पानावर अकरा. हे कॅलेंडर तिच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर टांगलेलं असायचं, बघणाऱ्याला उपासाचे दिवस वाटावेत असं. अक्का चौथी शिकलेली होती, तिला लिहिता येत होतं. पण लिहिलं असतं तर कुणीही वाचलं असतं.

"हे डॉक्टरला दाव," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी वजनाला का कशाला बाहेर गेले की दाव. माझ्यापुढं नगं. बाईमाणसाचं हाय ते."

मला कळलं का? इथं ‘तेव्हा कळलं नव्हतं’ असं लिहिणं सोपं आहे — तपासायला कुणी नाही. पण कळलं होतं. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झालेल्या बाईला पुन्हा रक्त जात होतं. सात महिने. आणि तिनं त्याचा एकेक दिवस नोंदवून ठेवला होता. मी गुंडाळी केली, रबर लावलं आणि पिशवीत ठेवली.

डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं, पानं चाळली आणि हसले. "पेशंटच्या फाइलीपेक्षा नातेवाइकाची फाइल जाड. बी-बाराची तपासणी करू, हरकत नाही." तेवढ्यात नर्स अक्काला वजन करायला बाहेर घेऊन गेली. जाताना अक्कानं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

दार लागल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कुठून जातं का त्यांचं? संडासवाटे, अंगावरून?"

पिशवी माझ्या पायाशी होती.

"नाही," मी म्हणालो.

का? शरम — हे खरं आहे. बहिणीच्या अंगावरचं परक्या पुरुषासमोर कसं बोलायचं? पण तेवढंच नव्हतं. शरम हे कारण मला बरं दिसतं, म्हणून मी ते वर्षभर स्वतःला सांगत राहिलो. दुसरं कारण असं — टेबलावर माझी बारा पानं उघडी होती, डॉक्टर ती गंभीरपणे वाचत होते, आणि त्यांच्या शेजारी टिकल्या चिकटवलेलं, फोडणीचे डाग पडलेलं ते कॅलेंडर ठेवणं मला गावंढळ वाटलं. आणि ते ठेवलं असतं तर बारा पानं मागं पडली असती. हेही मला कळत होतं.

इथंच थांबलो असतो तर? नाही थांबलो.

बाहेर बाकावर अक्का बसली होती. "दावलास का?"

"दाखवलं."

"काय म्हणले?"

"वयानं होतंय म्हणाले. घाबरायचं काही नाही."

अठ्ठावीस वर्षांत मी रचलेलं हे एकमेव अवतरण.

अक्काचा चेहरा मोकळा झाला. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "बघ की. उगं पाकीटभर टिकल्या वाया घालवल्या." आणि हसली. बसस्टँडवर तिनं भजी मागवली. कितीतरी महिन्यांत तिनं स्वतःहून काही खायला मागितलं नव्हतं.

रिपोर्टात बी-बारा ठीक निघालं. रक्त फार कमी होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मला फोनवर सांगितलं, "महिन्यानं त्यांना आणा. रक्त कशामुळं उतरलंय ते शोधायला हवं." मी अक्काला निरोप दिला. ती आली नाही. "वयाला काय औषध हाय का रं?" म्हणाली. गल्लीतली आशाताई तिला सरकारी दवाखान्यात चल म्हणत होती, तिलाही अक्कानं तेच ऐकवलं. मी फोनवर होतो, मला ऐकू आलं. तोवर वाक्य वाढलं होतं — "नांदेडच्या मोठ्या डॉक्टरनं माझं कॅलेंडर बघून सांगितलंय." पोळ्यानंतर एकाही तारखेवर टिकली नाही. रक्त थांबलं नव्हतं.

फाल्गुनात तिची मुलगी रेखा तिला लातूरला स्वतःकडे घेऊन गेली. साडी धुताना तिला दिसलं. दुसऱ्याच दिवशी तिनं लेडी डॉक्टर गाठली. मीही गेलो. गर्भाशयाचा कॅन्सर, पोटात पसरलेला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधी कुणाला दाखवलं नाही?"

रेखा म्हणाली, "दाखवलं होतं. नांदेडला. वयानं होतंय म्हणाले." आणि माझ्याकडे वळली. "मामा, तुम्हीच होता ना तिथं?"

"हो," मी म्हणालो. हा शब्द खरा होता.

बाई केस पेपरवर इंग्रजीत लिहीत होत्या. टेबलाच्या या बाजूनं मला उलटं वाचता येत होतं — डेस्कवरची सवय. आधीच्या डॉक्टरांनी वयामुळं होत असल्याचं सांगितलं, अशी ती ओळ होती. पुढं त्या डॉक्टरांचं नाव. ते रेखानं सांगितलं होतं. मी दुरुस्ती सुचवली नाही.

मे महिन्यात अक्का गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं एकदा मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "डॉक्टरचा काय दोष. माणूसच हाय." मी तिच्या पायावरची चादर नीट केली.

कॅलेंडर माझ्याकडे आहे. निळ्या फाइलीत बसत नाही, वेगळं ठेवलंय.

गेल्या महिन्यात मी लातूरला रेखाकडे होतो. देगलूरहून अक्काच्या शेजारणीचा फोन आला. त्यांना चक्कर येत होती, दम लागत होता, नांदेडला कुणाला दाखवावं म्हणून विचारत होत्या. रेखानं त्या डॉक्टरांचं नाव घेतलं. "मावशी, त्यांच्याकडं तेवढं जाऊ नका. माझ्या आईला वयानं होतंय म्हणाले होते."

मी समोरच बसलो होतो. शेजारीण त्यांच्याकडे गेली नाही.