बदलायची राहिलेली ओळ

शुद्धलेखनाच्या चुका आणि वाकडं अक्षर सांभाळून घ्यावं, माझी शाळा चौथीतच सुटली. ज्याच्याविषयी लिहिते तो मात्र भरपूर शिकला होता, म्हणून तर लिहिण्यासारखं काही घडलं.

यवतमाळात माझ्या खानावळीत तो कॉम्प्युटर इंजिनिअर रोज जेवायचा. नाव विचारायला मी लाजले. एका हाताने वरण-भात, दुसऱ्याने मोबाइल. एकदा म्हणाला, "काकू, डब्याच्या ऑर्डरी मोबाइलवर घ्या. माह्या दोस्तानं कळंबच्या पेढेवाल्यासाठी बनवलेली फाइल आहे, तेच टाकून देतो. आमच्यात सगळे एकमेकायले देतात. तयार असल्यावर पुन्हा कायले लिहायचं?"

इतकी दानशूर माणसं मी पाहिली नव्हती. गिऱ्हाइकं मोबाइलवर पैसे भरू लागली, माझ्या खात्यात रुपयाही येईना. किराणावाल्याने उधारी बंद केली, तेव्हा मी तोंड उघडलं. त्याने फाइल पाहिली, शांतपणे चष्मा पुसला.

"खातं पेढेवाल्याचंच राह्यलं, काकू. एक ओळ बदलायची राहून गेली."

पेढेवाल्याला वाटलं होतं, कळंबचा चिंतामणी गणपती पावला. बिचाऱ्याने सगळे पैसे परत पाठवले. फाइलीतली ती ओळ बदलून माझं खातं टाकलं गेलं.

पुढच्याच आठवड्यात माझ्या खात्यात अनोळखी लोकांचे पैसे येऊ लागले.

"आता कोणाले देल्ली फाइल?"

"ढाणकीच्या सलूनवाल्याच्या पोराले," तो भातात बघत म्हणाला. "सुधारलेलीच देल्ली, काकू."

त्या कटिंग-दाढीचे सगळे पैसे मी त्याच दिवशी परत केले. त्यासाठी कोणाची फाइल लागली नाही.