रिद्धीच्या एकशे चव्वेचाळीस रेघा

शुक्रवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शीला रोकडेने फळ्यावर तिसरी उभी रेघ ओढली आणि फळ्याचे चार भाग झाले. पहिल्यात ‘कमळ’, दुसऱ्यात हातच्याची बेरीज, तिसऱ्यात कवितेच्या चार ओळी आणि चौथ्यात भागाकार. पाथरवाडीच्या शाळेला खोली एक, इयत्ता चार, मुलं सतरा. दुसरे गुरुजी ऑगस्टात तालुक्याच्या कामावर गेले, ते फेब्रुवारी उजाडला तरी आले नव्हते. विठ्ठलवाडीहून स्कूटीने तासभर येणारी शीला तेवढी उरली होती.

शीला आणि रिद्धी.

रिद्धी चौथीत होती. पहिलीच्या सहा मुलांना तीच सांभाळायची. हात धरून अक्षर गिरवून घ्यायची, चिंचोके मांडून बेरीज शिकवायची, वह्यांवर लाल पेनाने बरोबरच्या खुणा करायची. डिसेंबरात तपासणीला आलेल्या साहेबांनी तिचा फोटो काढून सगळ्या शाळांच्या ग्रुपवर टाकला होता. पहिलीची मुलं तिला ‘रिद्धीबाई’ म्हणत. शीलाला ते सोयीचं होतं.

काल रिद्धी आली नव्हती. काल शीलाचा फळा अर्धाच भरला होता.

व्हरांड्यात रिद्धीची आई उमा शाळेची खिचडी शिजवत होती. तिने शीलाला खुणेने बाहेर बोलावलं.

“काल बेलवलीच्या शालंत गेलतो आमी, पोरीला घेऊन. पाचवीचा फॉर्म भराला.”

“मग?”

“नाय घेत म्हनं. चौथीतच बसवा परत, नायतं एप्रिलात आना, भागाकार आला तं बघू.” उमाने मुगाची डाळ पातेल्यात सोडली. “एक गनित घातलं तिला. एकशे चव्वेचालीस भागिले सहा. ही कागदावर रेघाच मारीत बसली. ती मॅडम हसली, बाई. कागद काढून घेतला तिच्या हातातून.”

“कसल्या रेघा?”

“माना काय म्हाईत? तुमी शिकवलं असंल तशा.”

शीला आत आली. चौथीत तिघंच होती. स्वप्नाली, बाळा आणि रिद्धी. तिने तेच गणित फळ्याच्या चौथ्या भागात लिहिलं आणि रिद्धीला पहिलीच्या घोळक्यातून उठवून या दोघांशेजारी बसवलं.

बाळाला सगळी शाळा ढ समजायची, शीलासुद्धा. त्याने दीड मिनिटात चोवीस लिहिलं आणि पाटी उलटी करून तिच्यावर हनुवटी टेकली. स्वप्नालीचंही झालं. रिद्धी पाटीवर बारीक उभ्या रेघा मारत होती. पाटी भरल्यावर तिने वही काढली. एकशे चव्वेचाळीस रेघा झाल्या, तेव्हा सहा-सहा रेघांभोवती गोल करायला घेतले. मग गोल मोजले.

“चोवीस,” ती म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. अकरा मिनिटं लागली होती.

ही पद्धत शीलाच्या ओळखीची होती. सहा चिंचोके दोघांत कसे वाटायचे, हे पहिलीच्या मुलांना रिद्धी अशाच रेघा मारून दाखवायची. तिने रिद्धीची गणिताची वही चाळली. भागाकाराचं शेवटचं पान एकोणीस नोव्हेंबरचं. पुढे कोरं. हजेरीपटावर मात्र एकोणीस नोव्हेंबरपासून परवापर्यंत रिद्धीचा एकही खाडा नव्हता. चौथीला भागाकार शिकवला होता. शिकवत असताना रिद्धी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पहिलीला शिकवत होती.

आपल्याला वाईट वाटेल म्हणून शीला थोडी थांबली. तसं काही झालं नाही. खुर्चीच्या पाठीला ओढणी अडकली होती, ती तिने सोडवली.

“आजपासून तू इथेच बसायचं.”

“मग त्यांना कोन शिकवनार?”

“मी.”

“तुमाला टाइम कुठंय?”

तेवढ्यात पहिलीतला सम्यक वही घेऊन आला आणि शीलाला ओलांडून त्याने ती रिद्धीपुढे धरली. रिद्धीचा हात लाल पेनाकडे गेला.

“रिद्धी, नाही. सम्यक, इकडे आण.”

“तुमी नको,” सम्यक म्हणाला आणि वही छातीशी धरून उभा राहिला. मग रडायला लागला. त्याचं बघून आणखी दोघं रडली. तिसरीने कविता म्हणायची सोडून तमाशा बघायला घेतला. शीलाने लाल पेन रिद्धीच्या कंपासपेटीतून काढून आपल्या पर्समध्ये टाकलं. कोऱ्या पानावर रिद्धीने समास आखला.

जेवणाच्या सुट्टीत शीला पातेल्याजवळ गेली.

“भागाकार तिला येत नाही, ते माझ्यामुळे. ती त्या वेळी पहिलीला शिकवत होती.”

उमाने डाव खाली ठेवला नाही. “आमी गावभर सांगत फिरतो, आमची रिद्धी शालंत बाई हाय. तिचा बापूस कंपनीत फोटो दाखवतो लोकांना.”

“हो.”

“मंग पगार तरी अर्धा करून द्याचा ना तिला.” उमा हसली, शीला हसली नाही. उमाचंही हसू मग राहिलं नाही. “एप्रिलपर्यंत होल का?”

“रोज अर्धा तास मिळाला तर होईल.”

“कवा देनार? दिवसभर तं तुमी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.”

शीलाने मनात वेळापत्रक फिरवून पाहिलं. परिपाठ, चार इयत्ता, खिचडीचे फोटो, ऑनलाइन हजेरी. शाळा भरल्यावर अर्धा तास कुठेच नव्हता.

“शाळेच्या आधी,” ती म्हणाली. “पाठवाल?”

“पाठवते. पन तिला परत पोरांत बसवू नका, बाई.”

“नाही बसवणार.”

उमाने तिच्या ताटात खिचडी वाढली. पलीकडे पहिलीची सहा मुलं रिद्धीला खेटून जेवायला बसली होती. त्यांना तिथून उठवायचं की नाही, हे शीलाने ठरवलं नाही. ती जेवली.

उद्या शनिवार. शाळा सकाळी साडेसातला भरते. रिद्धी सातला येणार आहे आणि त्यासाठी शीलाला विठ्ठलवाडीहून सहाच्या आत निघावं लागेल.