साळव्यांची तीन पेडलांची गाडी

गेल्या वर्षी आमच्या खडकीच्या सोसायटीत बातमी पसरली की तिसऱ्या मजल्यावरच्या कचरूराव साळव्यांकडे लग्नाची मुलगी आहे. बातमी कोणी पसरवली ते विचारू नका. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला जिन्यातली वर्दळ दिसते, त्याला तो तरी काय करणार? दर रविवारी सकाळी एखादा तरुण पोरगा, भांग पाडून, सेंट मारून जिना चढायचा. वरून पोह्यांच्या फोडणीचा वास यायचा. उतरताना पोराचा चेहरा असा, की आपल्याला पसंत आहे, पण मंडळींचं काही कळत नाही.

साळव्यांना एकच मुलगा, आयुष, आणि तो कॅनडात. साळव्यांची बायको राधावहिनी तो जायच्या आधीच वारलेल्या. मग मुलगी आली कुठून? रीतसर चौकशी केली तेव्हा कळलं की मुलगी खाली पार्किंगमध्ये उभी आहे. लाल रंगाची.

तिचं नाव स्पार्टो. दिसायला चार माणसांची साधी हॅचबॅक, पण इंजिन असं की सिग्नल सुटल्यावर शेजारच्या मोठ्या गाडीवाल्यानं खिडकीतून मान काढून बघावं. आयुष खराडीला नोकरीला लागला तेव्हा त्यानं ती घेतली होती. दर रविवारी पहाटे मित्रांबरोबर कुठल्यातरी घाटात जायचा आणि आल्यावर ती तास-तास धूत बसायचा. कचरूरावांची सगळी नोकरी अॅम्युनिशन फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये गेली. आधी सायकल, मग स्कूटर. स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. बापलेकात गाडीवरून होणारं संभाषण ठरलेलं होतं. "पेट्रोल किती खाते रे?" "पप्पा, तुम्हाला नाही कळणार."

कॅनडाला जाताना आयुषनं इंटरनेटवर जाहिरात टाकली, त्यात वडिलांचा फोन नंबर दिला आणि सांगितलं, "कोणी आलं की किल्ली द्या. भावाचं मी बोलेन." कोणी आलं नाही. डिकी लहान, बसायला कडक, पेट्रोलची भूक राक्षसाची. संसारी माणूस असली गाडी घेत नाही.

मग कंपनीनं जाहीर केलं की नव्या स्पार्टोला क्लच नसेल. गिअर गाडी स्वतःच बदलेल. तीनच्या जागी दोन पेडलं.

तुम्हाआम्हाला वाटेल, बरं झालं, लक्ष्मी रोडला डाव्या पायाला आराम. पण या गाडीवेड्या पोरांमध्ये मयत झाल्यासारखं झालं. त्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात कोणी स्वतःच्या फोटोच्या जागी काळा चौकोन लावला, कोणी कंपनीला इंग्रजीत शिव्या लिहिल्या. खिशाला परवडणारी, जोरात पळणारी आणि हातानं गिअर टाकायची गाडी आता मिळणार नाही, हे त्यांचं दुःख. दुःखाचा पहिला भर ओसरल्यावर सगळे जुन्या स्पार्टो शोधायला निघाले आणि साळव्यांचा फोन वाजायला लागला.

पहिला आला तो सौरभ. त्यानं आधीच फोनवर बजावलं, "काका, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका हं. गार इंजिनचा आवाज ऐकायचाय." साळवे मला म्हणाले, "मी म्हटलं, बाबा, मला गाडी चालू करता येत असती तर काय पाहिजे होतं."

सौरभनं बॉनेट उघडून डॉक्टरसारखा कान लावला. रंगावरून एक छोटं यंत्र फिरवलं. पांढऱ्या शर्टात जमिनीवर उताणा पडून गाडीचं पोट बघितलं. मग म्हणाला, "एक चक्कर मारू." गाडी घेऊन पळाला तर काय करायचं, म्हणून साळवे शेजारी बसले. मुलाच्या गाडीत बसण्याची ती त्यांची पहिली वेळ. सौरभ त्यांना थेट बोपदेव घाटात घेऊन गेला. वाटेत तो गिअरबद्दल बोलला, मॅनेजरबद्दल बोलला, आणि जी मुलगी त्याला हो म्हणत नव्हती तिच्याबद्दलही बोलला. वर दोघांनी भजी खाल्ली.

परत आले तेव्हा मी गेटवरच होतो. योगायोगानं.

"काय साळवे, कुठे दौरा?"

"घाटात."

"विकली?"

"बघतोय."

ते बघतच राहिले. सौरभला भाव मान्य होता, कॅनडातून आयुषलाही मान्य होता. साळव्यांनी सौरभला सांगितलं, आयुषचा विचार चाललाय. आयुषला सांगितलं, पोरगा बरोबर वाटत नाही, ब्रेक फार दाबतो. पुढच्या रविवारी दुसरा आला. तो गाडीला नावं ठेवत होता म्हणून नापास. तिसऱ्यानं पोहे खाल्ले नाहीत.

"काय साळवे, पत्रिका जुळत नाही का?" मी विचारलं.

"आमच्यात पत्रिका बघत नाहीत," ते शांतपणे म्हणाले.

माणूस बदलला होता, हे मात्र खरं. रविवारी इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. भाजीवालीपुढे मेथी निवडता निवडता मला सांगायचे, "या गाडीचा टर्बो जरा उशिरा जागा होतो, पण एकदा झाला की सोडत नाही." भाजीवाली माझ्याकडे बघायची. एका पोराला त्यांनी चक्कर मारायला म्हणून विश्रांतवाडीला मेव्हणीकडे नेलं. मेव्हणीला तो आयुषचा मित्र वाटला, तिनं त्याला जेवायला घातलं, आणि तो बिचारा वांग्याची भाजी खाऊन गाडीचा भाव विचारायचं विसरला.

मी हे सांगून बिल्डिंगला पुष्कळ हसवलं. पण सोमवार ते शनिवार त्या घरातून काय ऐकू यायचं, तेही सांगायला हवं. सकाळी कुकरची एक शिटी. एका माणसाच्या भाताला एकच पुरते. मग संध्याकाळी टीव्हीच्या बातम्या. मध्ये काही नाही. शनिवारी आयुषचा फोन, आणि त्याचा पहिला प्रश्न, "पप्पा, गाडीचं काय झालं?" मग साळवे आलेल्या पोराचं वर्णन रंगवून सांगायचे, पलीकडून आयुष हसायचा, आणि अर्धा-अर्धा तास बोलणं चालायचं. त्या आधी दोन मिनिटांत उरकायचं. गाडी विकली असती तर रविवारही गेला असता आणि शनिवारही. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. जिन्यावरून कळतं.

उत्कर्षा नावाची खराडीची एक मुलगी आली, ती मात्र चिवट निघाली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी खिडकीशी कुंड्यांना पाणी घालत होतो.

"काका, आज स्पष्ट सांगा. देताय की नाही?"

"आधी वर चल, पोहे गार होतील."

"मी खाऊन आलेय."

"मागच्या वेळीही खाऊन आली होतीस. दोनदा घेतलेस."

ती हसली. मग म्हणाली, "काका, आमच्या ग्रुपवर तुमचं नाव काय पडलंय माहितेय? टाइमपास अंकल. लिहिलंय, खडकीची लाल स्पार्टो, गाडी एक नंबर, पोहे एक नंबर, पण काका विकत नाहीत. जाऊ नका."

"चांगलं लिहिलंय की."

"चांगलं नाही, काका. आता कोणी येणार नाही."

साळवे बॉनेटवरची नसलेली धूळ पुसत राहिले. "तू तर येशील ना?"

"विकणार असाल तर येईन."

"पुढच्या रविवारी नक्की सांगतो."

पण त्याच आठवड्यात कंपनीनं माघार घेतली. पोरांनी एवढा आरडाओरडा केला होता की नव्या स्पार्टोला क्लच परत द्यायचं ठरलं. ग्रुपवर पेढ्यांची चित्रं आली, काळे चौकोन उतरले, धडाधड बुकिंगं सुरू झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये हे कळायला बातमी लागली नाही. रविवारी फोडणीचा वास आला आणि जिन्यावर पाऊल वाजलं नाही, तेव्हाच काहीतरी झालंय हे मी ओळखलं.

त्याच्या पुढच्या रविवारी साळवे स्वतःच झाकलेली बशी घेऊन माझ्या दारात आले. "जरा जास्त झालेत." मी खाल्ले. पोहे खरोखर एक नंबर होते, पोरं खोटं बोलत नव्हती. मी खात असताना त्यांनी फोन काढला. वर रेंज नसते, असं म्हणाले. कानानं जरा कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावलेला. त्यामुळे यात माझा दोष नाही.

"उत्कर्षा, साळवे बोलतोय. खडकीचे. गाडी देतो तुला. तू म्हणशील त्या भावात."

"काका, मी नवीन बुक केली."

"अस्सं. बरं केलंस. नवी ती नवी." त्यांनी माझ्या टीपॉयवरचा पेपर उगाच सरळ केला. "चालवून बघितलीस?"

"हो."

"टर्बो लवकर उठतो का?"

"लवकर उठतो, काका."

"वा. मग ये एकदा दाखवायला."

"येईन ना."

या 'येईन ना'चा सूर आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. साळव्यांनी फोन खिशात ठेवला, बशी मी धुवून देतो म्हटलं, तर तशीच खरकटी घेऊन वर गेले.

आयुष तिकडे कंटाळला होता. त्यानं परस्पर जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीशी व्यवहार करून टाकला. भर दुपारी त्यांचा माणूस आला, हातात टॅब. चार बाजूंनी फोटो काढले, एक वायर लावली, काढली.

"चालवून नाही बघत?" साळव्यांनी विचारलं.

"गरज नाही, काका. मशीन सगळं सांगतं."

"चहा तरी?"

"नको, अजून गाड्या बघायच्यात."

स्पार्टो ट्रकवर चढवून नेली. साळव्यांनी सोसायटीचं गेट स्वतः ओढून घेतलं. वॉचमन शेजारी उभा होता, तरी.

त्या शनिवारचा फोन मी जिन्यात होतो म्हणून ऐकला. "जेवलात?" "जेवलो. तुमच्याकडे थंडी?" "आहे." "बरं." झालं. फोन ठेवता ठेवता आयुष म्हणाला, "पप्पा, ती जाहिरात काढून टाका आता. दोनदा दाखवलंय कशी काढायची." साळवे म्हणाले, "काढतो."

रविवारी मी गेटशी खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. एक पोरगा बाइकवरून आला. चाकणला नुकताच नोकरीला लागलेला, साताऱ्याकडचा, या ग्रुपबिपशी त्याचा संबंध नाही. हेल्मेट काढत म्हणाला, "आजोबा, लाल स्पार्टो हितंच हाय ना? जाहिरात बघितली." मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यातून साळवे उतरले. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत.

"आहे ना," ते म्हणाले. "सर्व्हिसिंगला दिलीय. येईल एवढ्यात. चला वर, पोहे झालेत."

पोरानं रिकाम्या पार्किंगकडे बघितलं, मग साळव्यांकडे बघितलं, आणि बूट झटकत त्यांच्या मागे निघाला. वळणावर साळव्यांनी मान मागे करून माझ्याकडे एकदा पाहिलं.

मी पेपर वर धरला.