मास्तरांच्या नावावरची झोप

कपडे शिवणाऱ्या त्या वर्कशॉपात सुरी चालवण्याचा मान एकाच माणसाचा, आणि त्याला सगळे मास्तर म्हणत. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं बाही, पाठ असे भाग आखायचे आणि मग विजेची उभी सुरी त्या रेघेवरून अशी न्यायची, की साठाव्या थरालाही वाटावं आपण एकटेच कापले गेलो. मास्तरांनी तीस वर्षं हेच केलं. शिलाईच्या बायका म्हणायच्या, "मास्तरांनी कापलेलं शिवायला डोळे लागत नाहीत."

अशा माणसाला भर दुपारी, सुरी हातात सुरू असताना, डुलकी लागली.

डुलकी तरी केवढी? पापणी लवते तेवढी. पण तेवढ्यात सुरी बाहीची रेघ सोडून शेजारच्या पाठीत घुसली. मास्तर दचकून जागे झाले तेव्हा डाव्या हातातल्या लोखंडी जाळीच्या मोज्यावर पातं खरखरत होतं, आणि नर्सांच्या कोटांच्या साठच्या साठ पाठी एकाच जागी, कुणी चावा घेतल्यासारख्या, कुरतडल्या गेल्या होत्या.

कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. काजं-बटणंवाली फक्त म्हणाली, "मोजा होता म्हणून! नाहीतर आज मास्तरांच्या बोटांचीसुद्धा..." आणि तिनं जीभ चावली.

मालकीणबाई वयानं मास्तरांच्या मुलीएवढ्या. त्यांनी मास्तरांना आत बोलावलं, दार लोटून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मास्तर, साखर किती आहे?"

"आटोक्यात आहे."

"खरं सांगा."

"उपाशीपोटी जरा चढते. गोळ्या चालू आहेत की. वाढवल्यात आता."

"आणि झोप?"

"झोपेला काय धाड भरलीय! पडल्या पडल्या घोरायला लागतो. आमच्या घरी विचारा."

बाई हसल्या नाहीत. "बाहेर बायका काय म्हणतात ठाऊक आहे? मास्तरांच्या पापण्यांना चिमटे लावा. मीही हसायचे. चूक माझीच. पुढच्या गुरुवारी तीनच्या आत डॉक्टरांचा कागद आणा, की हा माणूस सुरीपाशी उभा राहू शकतो. नाही आणलात तर सुरी दुसऱ्याच्या हातात जाईल. तुम्ही आखणी बघा. बाकी काही बदलणार नाही."

बाकी काही बदलणार नाही! ज्याच्या हातातून सुरी जाते त्याचं बाकी उरतं काय, हे या पोरीला कोण सांगणार? मास्तर मान खाली घालून बाहेर आले. बायकांनी आपापल्या मशिनीत तोंडं घातली. त्या दयेनंच मास्तरांना जास्त लागलं.

आपली रात्र कशी जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. तीन-चारदा लघवीला उठणं, सकाळी घशाला कोरड, डोकं दगड ठेवल्यासारखं जड. पण हे चारचौघांत सांगायचं कसं? ताप आला म्हणून सांगता येतं. घोरतो आणि दर दोन तासांनी मोरीत जातो, हे काय सांगण्यासारखं आहे?

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं घड्याळासारखा एक पट्टा दिला. "सात रात्री मनगटावर बांधा, काका. हालचाल, नाडी सगळं टिपतो हा. तुमच्या सकाळच्या साखरेमागे झोप आहे का, ते बघायचंय मला."

मास्तरांनी पट्टा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर मेलेल्या पालीसारखा टाकला.

"अगं, ऐकतेस का? हे तू घाल."

बायको भांडी पुसत होती. "मी? मला कुठे साखर आहे?"

"साखर नाही, झोप मोजतं ते. तुझी झोप कशी छान, गाढ. मी रात्री कधीही उठलो तरी तू आपली भिंतीकडे तोंड करून पडलेली. तुझा कागद आला की काम झालं."

"आणि डॉक्टरला काय सांगाल? नवीन बांगडी म्हणून बायकोला भेट दिली?"

"थट्टा नको गं. सुरी जाईल माझी."

तिनं फडकं खाली ठेवलं. पट्ट्याकडे बघत राहिली. "माझी झोप तुमच्या कामाची नाही हो."

"का नाही? चांगली तर आहे."

"बरं." तिनं हात पुढे केला. "बांधा. पण नंतर मला बोलायचं नाही."

खडूनं आखल्यासारखी सगळी योजना मास्तरांच्या डोक्यात सरळ होती. आठवडाभर त्यांनी बायकोला संध्याकाळी चहासुद्धा पिऊ दिला नाही. "कशाला उगाच झोप उडवतेस?" म्हणाले. ती हसली. तेव्हा त्यांना वाटलं, चहासाठी हसली.

गुरुवारी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईनं पट्टा संगणकाला जोडला आणि सातही रात्री एकेक करून पाहिल्या.

"काका, तुम्ही झोपता तरी कधी?"

"रोज साडेदहाला," मास्तर ताठ बसून म्हणाले.

"साडेदहाला आडवे होता. झोप मिळते जेमतेम तीन तास, तीही चिंध्या-चिंध्या." तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही उंच टोकं दिसतात? हा हात. थोड्या थोड्या वेळानं हात जोरात हलतोय, मग गप्प. एका रात्रीत बावीस वेळा. आणि प्रत्येक वेळी त्याच्या आधी नाडी पळतेय, माणूस घाबरल्यावर पळते तशी. काय करता काय रात्रभर? कुणाला ढकलता?"

मास्तरांचा उजवा खांदा रोज सकाळी ठणकायचा. त्यांनी उशी बदलली होती, बाम चोळला होता, सुरीला दोष दिला होता. आता तो खांदा आपोआप आक्रसला. त्यांनी शेजारी पाहिलं. बायको पर्सची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती.

"अशा झोपेवर गोळ्या बिचाऱ्या काय करणार?" डॉक्टरीणबाई सांगत होती. "झोप सारखी मोडली की शरीराला वाटतं, संकट आलंय. ते रक्तात साखर सोडत राहतं, आणि इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग तुम्ही जेवणात कितीही हात आखडता घ्या, सकाळचा आकडा चढलेलाच. हा कागद मी नाही देऊ शकत, काका. औषध मात्र बदलते."

तिनं पेन उचललं. मास्तरांच्या नावाच्या कागदावर मास्तरांच्या बायकोच्या रात्रीचं औषध लिहिलं जाणार होतं.

"थांबा," मास्तर म्हणाले. "तो हात माझा नाही."

"म्हणजे?"

"हिचा आहे."

डॉक्टरीणबाईनं पेन ठेवलं. रागावली असती तर मास्तरांनी ऐकून घेतलं असतं. तिनं खुर्चीच बायकोकडे वळवली. "काकू, तुम्ही सांगा. कुणाला ढकलत होता?"

"यांनाच." बायको पर्सशीच बोलल्यासारखी बोलली. "घोरतात ना, तोवर बरं असतं हो. घोरणं थांबलं की मी घाबरून कान लावते. श्वासच थांबतो यांचा. मी मोजते. दहा, पंधरा. वीस झाले की खांद्याला धक्का देते. मग मोठ्यानं श्वास घेतात आणि कूस बदलतात. उठले तरी यांना काही आठवत नाही."

"किती वर्षं?"

"यांची साखर निघाली, त्याच्या आधीपासून."

"आणि मी उठायचो तेव्हा..." मास्तरांनी विचारलं.

"तेव्हा मी डोळे मिटून पडायचे. माझी झोप मोडते म्हटल्यावर तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपला असता. मग मोजलं कुणी असतं?"

साठ पाठी कुरतडल्या तेव्हा मास्तरांना लाज वाटली होती. ती लाज चेहऱ्यावर होती, पाणी मारलं की जाण्यासारखी. ही कुठे वाटतेय तेच त्यांना कळेना. चार भिंतींतल्या एका बाईची रात्र आपण रोज कुरतडत आलो, आणि वर तिच्याच झोपेचं कौतुक करून ती आपल्या नावावर लावायला निघालो!

"पट्टा यापुढे ज्याचा त्याच्या हातात," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण आता नुसता पट्टा पुरायचा नाही. झोपेत श्वास थांबतो का, त्याची वेगळी तपासणी लिहून देते. इलाज आहे त्यावर, घाबरू नका. तोवर सुरीला हात लावायचा नाही. आणि काकू, उद्या उपाशीपोटी तुम्हीसुद्धा रक्त देऊन जा. रात्रभर पहारा देणाऱ्याचं शरीरही थकतंच."

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. अडीच वाजले होते. दुसरा स्टॉप येईतो बायकोची मान खिडकीच्या काचेला टेकली. मास्तरांनी आपला रुमाल घडी करून काच आणि तिचं डोकं यांच्यामध्ये सरकवला. मग फोन काढला.

"हॅलो, बाई..."

"मास्तर? मोठ्यानं बोला. मशिनी चालू आहेत."

"मोठ्यानं नाही बोलता यायचं."

"कागद मिळाला?"

"नाही. मिळण्यासारखा नव्हताच. मी डॉक्टरला फसवलं होतं, बाई. तुम्हालाही." त्यांनी सरकलेला रुमाल सारखा केला. "सुरी आजच दुसऱ्याला द्या. मी उद्यापासून आखणीला येतो. इलाज झाला आणि तुम्हाला वाटलं, तर बघू."

पलीकडे जवळची एक मशीन बंद झाली. मग बाई म्हणाल्या, "या उद्या. पण असे चोरासारखे कुजबुजताय कशाला?"

"बायको झोपलीय."

"आत्ता? दुपारची?"

"हो," मास्तर म्हणाले. त्यांनी फोन खिशात टाकला.

त्यांचा स्टॉप आला. कंडक्टर ओळखीचा होता. तो मागे वळून म्हणाला, "काका, उतरायचं नाही का?"

मास्तरांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. बस सुटली. कंडक्टर जवळ आला, झोपलेल्या बाईकडे बघून आपोआप हळू बोलला, "मग कुठवर?"

"शेवटच्या स्टॉपपर्यंत. दोन द्या."

"आणि तिथून?"

"तिथून परत," मास्तर म्हणाले. "ती उठली नाही, तर पुन्हा शेवटपर्यंत."